पिवळ्या बाणाचा रस्ता

उत्तर स्पेनमध्ये, पिरेनीज पर्वतापासून पश्चिमेला अटलांटिक महासागराच्या दिशेने एक पायवाट जाते. तिचं नाव कामिनो दे सान्तियागो, म्हणजे सान्तियागोचा रस्ता. फ्रान्सच्या हद्दीतल्या सँ-जाँ-पिए-द-पोर या गावातून निघालं, तर सान्तियागो दे कोम्पोस्तेला या शहरापर्यंत साधारण ७८० किलोमीटर चालावं लागतं. रोज वीस-पंचवीस किलोमीटर या हिशेबाने पाच आठवडे. एवढ्या लांबच्या वाटेवर मोबाईलची बॅटरी संपली तरी माणूस सहसा चुकत नाही, कारण थोड्या थोड्या अंतरावर एक पिवळा बाण दिसत राहतो. झाडाच्या बुंध्यावर, विजेच्या खांबावर, गोठ्याच्या भिंतीवर, रस्त्याकडेच्या दगडावर. ब्रशच्या तीन फटकाऱ्यांत काढलेला, रंगाचे ओघळ आलेला, जरा वाकडाच.

दरवर्षी लाखो लोक या बाणांमागे चालतात. त्यांत श्रद्धाळू असतात, नास्तिक असतात, नोकरी सोडलेले, घटस्फोट घेतलेले, निवृत्त झालेले असतात आणि सुट्टीत काहीतरी स्वस्तात करायचं म्हणून आलेले कॉलेजचे विद्यार्थीही असतात. चालताना यांतल्या बहुतेकांना वाटत असतं, की आपण हजार-बाराशे वर्षांच्या अखंड परंपरेत पाऊल टाकलंय. रस्ता जुना आहे, यात शंका नाही. बाण मात्र १९८४ सालचा आहे. आणि तो बाण काढला जाण्याआधी हा रस्ता जवळजवळ मेला होता.

हा रस्ता आधी कोणी आणि कशासाठी बांधला, तो ओस का पडला, आणि त्याला परत कोणी उठवलं? ही गोष्ट नीट पाहिली की ‘परंपरा’ हा शब्द उच्चारताना आपण थोडे सावध होतो.

एक थडगं सापडतं

याकोब हा येशूच्या बारा शिष्यांपैकी एक. हेरोद राजाने त्याला तलवारीने मारल्याचा उल्लेख बायबलमध्ये आहे. म्हणजे त्याचा मृत्यू झाला जेरुसलेमला, भूमध्य समुद्राच्या पार दुसऱ्या टोकाला. मग त्याचं थडगं स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, गॅलिसियात, कसं? आख्यायिका सांगते, की शिष्यांनी त्याचं शव नावेत ठेवलं आणि ती नाव वल्ही, शीड काही नसताना गॅलिसियाच्या किनाऱ्याला लागली. पुढे लोक हे विसरून गेले. मग नवव्या शतकात, साधारण ८२० ते ८३०च्या दरम्यान, पेलायो नावाच्या एका एकांतवासी साधूला रानात रात्रीचा विलक्षण प्रकाश दिसला. तिथल्या बिशपने, तेओदोमिरोने, जागा उकरून पाहिली. थडगं सापडलं. ते संत याकोबाचं, म्हणजे स्पॅनिशमध्ये सान्तियागोचं, असं त्याने जाहीर केलं. आस्तुरियासचा राजा दुसरा अल्फोन्सो आपल्या राजधानीहून, ओव्हिएदोहून, दर्शनाला आला. हाच पहिला यात्रेकरू, असं मानलं जातं.

ती हाडं खरोखर याकोबाची होती याला ऐतिहासिक पुरावा नाही. काही अभ्यासकांचा तर तर्क असा, की ते थडगं प्रिसिलियन नावाच्या धर्मोपदेशकाचं असावं. त्याला ३८५ साली आपल्याच धर्मातल्या लोकांनी मृत्युदंड दिला होता. वाद मिटलेला नाही, मिटण्यासारखाही नाही. पण थडगं कधी सापडलं हे लक्षात घेण्यासारखं आहे. ७११ सालापासून स्पेनचा बहुतेक भाग मुस्लिम सत्तेखाली होता. उत्तरेच्या डोंगरांत तग धरून असलेल्या लहानशा ख्रिस्ती राज्याला एका मोठ्या पाठीराख्याची गरज होती आणि येशूचा प्रत्यक्ष शिष्य त्यांच्याच भूमीत निघाला.

पुढच्या दोन-तीनशे वर्षांत रस्ता घडला. घडला म्हणजे अक्षरशः बांधला गेला. नावार्रा, कास्तिल आणि लेओनच्या राजांनी फ्रान्सकडून येणाऱ्या कारागिरांना आणि व्यापाऱ्यांना वाटेवरच्या गावांत वसवलं, त्यांना खास सवलती दिल्या. पुएन्ते ला रेइना या गावाच्या नावाचा अर्थच ‘राणीचा पूल’. अकराव्या शतकातला तो दगडी पूल आजही उभा आहे आणि चालणारे आजही त्यावरूनच नदी ओलांडतात. डोमिंगो नावाच्या एका साधूने तर आयुष्यभर हेच केलं : जंगल तोडलं, रस्ता बांधला, पूल उभारला, धर्मशाळा काढली. तो ११०९ साली वारला. त्याच्या नावाने जे गाव वसलं ते सान्तो डोमिंगो दे ला काल्सादा. ‘काल्सादा’ म्हणजे फरसबंदी रस्ता. रस्ता बांधला म्हणून संतपदाला पोचलेला माणूस विरळाच.

बाराव्या शतकातले रिव्ह्यू

सान्तियागोच्या कॅथेड्रलमध्ये बाराव्या शतकातलं एक हस्तलिखित आहे, ‘कोडेक्स कॅलिक्स्टिनस’. २०११ साली ते चोरीला गेलं आणि वर्षभराने कॅथेड्रलमध्ये पूर्वी काम करणाऱ्या एका इलेक्ट्रिशियनच्या गॅरेजमध्ये सापडलं. त्याचा पाचवा भाग म्हणजे चक्क यात्रेकरूंसाठी लिहिलेलं गाईडबुक आहे. एमेरिक पिको या फ्रेंच पाद्र्याने ते लिहिलं असावं, असा समज आहे.

हे गाईडबुक वाचताना गंमत वाटते, कारण त्यात आजच्या ऑनलाइन रिव्ह्यूंमधलं सगळं काही आहे. कुठलं पाणी प्यायचं, कुठलं नाही. नावाडी किती पैसे उकळतात, आणि होडीत इतकी माणसं कोंबतात की ती उलटते. एका खाऱ्या नदीकाठी सुऱ्यांना धार लावत बसलेल्या दोघांना लेखक विचारतो, पाणी घोड्यांना चालेल का? ते म्हणतात, चालेल. घोडे पाणी पितात, मरतात, आणि ते दोघे त्याच सुऱ्यांनी घोड्यांची कातडी सोलायला लागतात. या अनुभवानंतर नावार्राच्या लोकांबद्दल लेखकाने जे लिहिलंय, ते आज कुठल्याही संकेतस्थळावरून काढून टाकलं जाईल. स्वतःच्या गावाकडच्या, प्वातूच्या लोकांचं मात्र तोंड भरून कौतुक आहे.

हे सांगायचं कारण असं, की ‘पूर्वीचे लोक भक्तीसाठी चालायचे, आताचे सहलीला येतात’ हे वाक्य कामिनोवर फार ऐकू येतं. पण त्या काळीही दोन्ही गोष्टी एकत्रच होत्या. चॉसरच्या ‘कॅंटरबरी टेल्स’मधली, पाच नवरे केलेली बाथची बाई गॅलिसियाला जाऊन आलेली आहे. तिच्या तीर्थयात्रांच्या यादीत जेरुसलेम आणि रोमही आहेत. तिची भक्ती किती आणि भटकण्याची हौस किती, हे चॉसर वाचकावर सोडतो. मार्जरी केम्प ही खरीखुरी इंग्रज बाई १४१७ साली ब्रिस्टलहून जहाजाने सान्तियागोला गेली आणि दोन आठवडे राहून परतली. इंग्लंडहून बरेच यात्रेकरू असेच समुद्रमार्गे यायचे.

आणि काहींना तर इच्छा नसतानाही जावं लागायचं. आजच्या बेल्जियममधल्या, म्हणजे फ्लँडर्समधल्या शहरांची न्यायालयं गुन्हेगाराला शिक्षा म्हणून सान्तियागोला चालत पाठवत. तिथे पोचल्याचा दाखला आणला की शिक्षा भोगून झाली. कोणी श्रीमंताच्या ऐवजी मोल घेऊन चालायचे. म्हणजे भाविक, हौशी, भाडोत्री आणि दंडित असे सगळे एकाच धर्मशाळेत, शेजारी शेजारी झोपायचे.

घोड्यावरचा संत

या रस्त्याची एक बाजू माहितीपत्रकांमध्ये फारशी येत नाही.

याकोब मूळचा मासे पकडणारा कोळी. पण स्पेनमधल्या लढायांच्या काळात त्याच्या हाती तलवार आली. क्लाव्हिहो नावाच्या ठिकाणी तो पांढऱ्या घोड्यावरून ख्रिस्ती सैन्याच्या मदतीला धावून आला, अशी कथा तयार झाली. त्यातून त्याला बिरुद मिळालं ‘मातामोरोस’, म्हणजे मूर मुसलमानांना मारणारा. ती लढाई झालीच नव्हती, असं आज इतिहासकार सांगतात. तरी तिच्या नावाने एक बनावट सनद तयार झाली, आणि त्या सनदेच्या आधारावर सान्तियागोच्या चर्चला शेतकऱ्यांकडून धान्याचा वार्षिक कर मिळत राहिला. तो कायमचा बंद झाला एकोणिसाव्या शतकात. न झालेल्या लढाईची वसुली शेतकऱ्यांनी कित्येक शतकं भरली.

खऱ्या लढायाही होत्याच. ९९७ साली कोर्दोबाचा सेनापती अल-मन्सूर याने सान्तियागो शहर उद्ध्वस्त केलं. थडग्याला मात्र त्याने हात लावला नाही. कॅथेड्रलच्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवरून कोर्दोबाला नेल्या, असं सांगतात. १२३६ साली ख्रिस्ती राजाने कोर्दोबा जिंकल्यावर त्याच घंटा मुस्लिम कैद्यांच्या खांद्यांवरून परत आणल्या, असंही सांगतात.

हा घोड्यावरचा संत पुढे समुद्र ओलांडून गेला. ‘सान्तियागो!’ ही स्पॅनिश आणि पोर्तुगीज सैनिकांची रणघोषणा होती. अमेरिकेत तो तिथल्या मूळ रहिवाशांना मारणारा झाला. १५१० साली अफोन्सो द अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा जिंकून घेतला, तेव्हा हीच घोषणा मांडवीकाठीही घुमली. गोव्यापर्यंत पोचलेला सान्तियागो यात्रेकरूंचा काठी-झोळीवाला नव्हता. तो तलवारवाला होता.

विसाव्या शतकात फ्रँकोने यादवी युद्ध चालू असतानाच, १९३७ साली, सान्तियागोला पुन्हा अधिकृतपणे स्पेनचा पालक संत ठरवलं. गंमत अशी, की त्याच फ्रँकोच्या बाजूने मोरोक्कोचे हजारो मुस्लिम सैनिक लढत होते. सान्तियागोच्या कॅथेड्रलमध्ये मातामोरोसचा अठराव्या शतकातला एक पुतळा आहे : उगारलेली तलवार, उधळलेला घोडा, आणि टापांखाली पडलेली माणसं. २००४ साली तो हलवायचं ठरलं, त्यावर गदारोळ झाला, पुतळा राहिला. पुतळ्याखालची ती माणसं फुलांच्या सजावटीने झाकली जाऊ लागली. इतिहासाचं काय करायचं हे ठरत नाही, तेव्हा माणसं त्यापुढे फुलं ठेवतात.

हाडं हरवतात

हा एवढा गजबजलेला रस्ता थांबला कसा? एकाच घावात नाही थांबला. चौदाव्या शतकात प्लेगने युरोप रिकामा केला. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने तीर्थयात्रांवरच घाव घातला. सान्तियागोला जाऊ नका, तिथे नेमकं कोण पुरलंय हे कोणाला माहीत, असं तो लोकांना सांगत होता. इंग्लंड, जर्मनी, नेदरलँड्सचे यात्रेकरू आटले. त्यात धार्मिक युद्धांमुळे वाटा असुरक्षित झाल्या.

१५८९ साली इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक सान्तियागोजवळच्या ला कोरुन्या बंदरावर चालून आला. तो थडगं लुटेल या धास्तीने आर्चबिशपने हाडं लपवली. ती इतकी चोख लपवली, की नंतर कुठे ठेवली तेच कोणाला सांगता येईना. पुढची जवळजवळ तीनशे वर्षं जे थोडेफार लोक चालत आले, त्यांनी ज्या जागी डोकं टेकवलं तिथे हाडं नव्हतीच. ती सापडली १८७९ साली, कॅथेड्रलमध्येच वेदीच्या मागे खोदल्यावर. १८८४ साली पोपने ती खरी असल्याचं जाहीर केलं. तरी रस्ता जागा झाला नाही. तोपर्यंत रेल्वे आली होती, मग मोटार आली. जुन्या वाटेचे तुकडे शेतांत गेले, डांबरी रस्त्यांखाली गेले, काटेरी झुडपांत गेले.

उरलेला रंग

गॅलिसियाच्या सीमेवर, तेराशे मीटर उंचीवर, ओ सेब्रेइरो नावाचं एक खेडं आहे. गवताने शाकारलेली गोल दगडी घरं, धुकं, बर्फ. १९५९ साली तिथे एलियास बालिन्या नावाचा तिशीतला पाद्री नेमला गेला. जन्म जवळच्याच सारिया भागातला. गावातलं जुनं चर्च आणि त्याला लागून असलेली धर्मशाळा मोडकळीला आली होती. ती त्याने दुरुस्त केली. एकीकडे सालामांका विद्यापीठात तो कामिनोच्या कायदेशीर इतिहासावर डॉक्टरेटचा अभ्यास करत होता. यात्रेकरूंना राजांनी कोणते हक्क दिले होते, वाटेवर त्यांना लुटलं तर शिक्षा काय, धर्मशाळांचे नियम काय, असा तो विषय. हे सगळं कागदावर सापडत होतं. पण दाराबाहेर यात्रेकरूच नव्हता. आला एखादा, तर तो वाट चुकून, चिखलाने माखून यायचा.

१९८४ साली बालिन्याने पिवळ्या रंगाचे डबे आपल्या सित्रोएन गाडीत टाकले. हा रंग मोटाररस्त्यांवर पट्टे मारून उरलेला होता, म्हणून पिवळा. त्यामागे दुसरं कुठलंही प्रतीक नाही. पिरेनीजपासून पश्चिमेकडे येत, जिथे वाट फुटते तिथे तो बाण काढत गेला. त्याच्याबद्दल एक गोष्ट हमखास सांगितली जाते. पिरेनीजमध्ये पोलिसांनी त्याला हटकलं. सीमाभाग, अतिरेक्यांचा काळ, आणि हा माणूस झाडांवर खुणा करतोय. काय चाललंय म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, फ्रान्सकडून होणाऱ्या मोठ्या आक्रमणाची तयारी करतोय. किस्सा थोडा तिखटमीठ लागलेला असेल. भाकीत मात्र खरं ठरलं.

बाणांबरोबर त्याने माणसंही जोडली. वाटेवरच्या गावोगावी ‘कामिनोचे मित्र’ अशा संघटना उभ्या राहायला मदत केली, गाईडबुक लिहिलं, पत्रक काढलं. १९८७ साली युरोप परिषदेने कामिनोला पहिला युरोपीय सांस्कृतिक मार्ग म्हणून घोषित केलं. १९८९च्या ऑगस्टमध्ये पोप जॉन पॉल दुसरे सान्तियागोला तरुणांच्या मेळाव्यासाठी आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बालिन्या वारला, वय साठ. पुढची गर्दी त्याने पाहिली नाही.

रस्त्याचा बाजार

२५ जुलै, म्हणजे संत याकोबाचा सण, रविवारी आला की ते ‘पवित्र वर्ष’. १९९३ हे असं वर्ष होतं. गॅलिसियाच्या सरकारने त्याची जोरदार जाहिरात केली, कार्टूनसारखा एक शुभंकर काढला, धर्मशाळा बांधल्या, रॉक संगीताचे जलसे भरवले. युनेस्कोने त्याच वर्षी हा मार्ग जागतिक वारशाच्या यादीत घेतला. १९९० साली यात्रा पूर्ण केल्याचा दाखला घेणारे पाच हजारांच्या आत होते. १९९३ साली ते एक लाखाच्या जवळ गेले. २०१९ साली साडेतीन लाखांच्या आसपास, २०२४ साली पाच लाखांच्या घरात. पावलो कोएलोचं पुस्तक आणि ‘द वे’ हा चित्रपट यांचा वाटा आहेच. मुळात मात्र १९९३ साली सरकारला कळलं, की गरीब, पावसाळी गॅलिसियाकडे विकण्यासारखं समुद्र आणि मासळीखेरीज आणखी एक गोष्ट आहे.

दाखल्याला ‘कोम्पोस्तेला’ म्हणतात. त्यासाठी शेवटचे किमान शंभर किलोमीटर चालावे लागतात आणि वाटेतल्या चर्च, धर्मशाळा, बार यांचे शिक्के पुस्तिकेवर घ्यावे लागतात. म्हणून आज सर्वांत जास्त लोक सारियाहून निघतात, कारण ते शंभर किलोमीटरच्या थोडं अलीकडे आहे. बालिन्याच्या जन्मगावाच्या अंगणातच ही रांग लागते. पाठीवरची बॅग पुढच्या मुक्कामी गाडीने पोचवणाऱ्या कंपन्या आहेत. सान्तियागोच्या जुन्या शहरातले रहिवासी तक्रार करतात, की घरं पर्यटकांना दिली जातात, आम्हाला भाड्याने मिळत नाहीत, खालच्या वाणसामानाच्या दुकानांत आता चुंबकं आणि शिंपल्यांच्या माळा टांगलेल्या असतात. त्यांची तक्रार खरी आहे. त्याच वेळी हेही खरं आहे, की वाटेवरच्या कित्येक खेड्यांतली शेवटची पानपट्टीएवढी टपरी आणि शेवटचा बार चालणाऱ्यांमुळेच उघडा आहे. तरुण मुलं माद्रिद-बार्सिलोनाला गेलेली, मागे राहिलेल्या म्हाताऱ्या बाईला शिक्का मारायला रोज पन्नास माणसं भेटतात.

मग यांतला खरा यात्रेकरू कोणता? बाराव्या शतकापासून या रस्त्यावर राजाला सीमेवर वस्ती हवी होती, चर्चला कर हवा होता, नावाड्याला भाडं हवं होतं, फ्लँडर्सच्या न्यायाधीशाला गुन्हेगार गावाबाहेर घालवायचा होता. तरीही त्याच रस्त्यावर कोणी आजारी मुलासाठी नवस फेडत होतं. रस्ता शुद्ध कधीच नव्हता. तो जिवंत राहिला तो चालणाऱ्यांमुळे, आणि चालणारे थांबले तेव्हा संताची हाडं त्याला वाचवू शकली नाहीत.

फ्लँडर्समधल्या त्या जुन्या शिक्षेला आज एक वेगळं रूप मिळालं आहे. ओइकोतेन नावाच्या संस्थेने १९८२ पासून गुन्ह्यांत अडकलेल्या अल्पवयीन मुलांना सुधारगृहाऐवजी एका सोबत्याबरोबर बेल्जियमपासून सान्तियागोपर्यंत चालायची संधी दिली. महिनोन्‌महिने, दोन हजारांहून जास्त किलोमीटर. पोचलं की हिशोब मिटला. मध्ययुगातल्या न्यायाधीशाला गुन्हेगार लांब पाठवायचा होता. यांना मुलगा परत आणायचा आहे.

परत येण्याचं म्हणाल, तर एक गोष्ट चालणाऱ्यांच्या उशिरा लक्षात येते. मध्ययुगातल्या यात्रेकरूची सान्तियागोला पोचल्यावर अर्धीच यात्रा झालेली असायची. तेवढंच अंतर त्याला उलट चालायचं असे, त्याच नद्या, तेच डोंगर, तेच नावाडी. आज दाखला घेतला की लोक विमानतळाची बस पकडतात, आणि पाच आठवड्यांचं अंतर दोन तासांत खालून निघून जातं. बालिन्याने बाण काढले ते सगळे पश्चिमेकडे. पूर्वेकडे, घराकडे नेणारे बाण त्या वाटेवर जवळपास नाहीत. तरी कधीकधी एखादा माणूस समोरून, प्रवाहाच्या उलट चालत येताना दिसतो. प्रत्येक वळणावर तो थांबून मागे वळून बघत असतो, कारण बाण त्याच्या पाठीमागच्या बाजूला असतात.